कवीचा रकाना

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

कवी होण्याच्या वाटा अनेक आहेत. त्यांतली सगळ्यांत खडतर वाट १९७८ साली अमेरिकेत छापली गेली. आधी लढवय्या व्हायचं. त्या धंद्यात निदान पाच पायऱ्या चढायच्या, पण आठवी गाठायच्या आत तलवार खाली ठेवायची. मग चोर व्हायचं. तिथंही पाचवी ओलांडायची, आणि नववीच्या आत चोरी सोडायची. त्यानंतर रानातल्या द्रुइड नावाच्या पुजाऱ्यांकडे शिष्य म्हणून जायचं. तेव्हा कुठे तुम्हाला 'बार्ड', म्हणजे गाणारा कवी, म्हणवून घेता येणार.

इतकंच नाही. जन्मतःच तुमच्या अंगी बळ, शहाणपण, चपळाई आणि छाप पाडण्याची ताकद हे चारही गुण अठरापैकी पंधरा किंवा जास्त हवेत. बुद्धी बाराच्या खाली नको, प्रकृती दहाच्या खाली नको. हे गुण फासे टाकून ठरतात. माझ्या भाच्यानं मला हिशेब करून दिला. प्रत्येक गुणासाठी सरळ तीन फासे टाकले, तर असा माणूस सुमारे अठ्ठावन्न हजारांत एक निघतो. त्या पुस्तकात फासे टाकण्याच्या जरा उदार पद्धती दिल्या होत्या, हे खरं. तरीही संपादकांकडे येणाऱ्या कवितांचा ढीग पाहता, ही अट आपल्याकडे लागू करावी असं कुणाला वाटलं तर मी त्याला दोष देणार नाही.

हे पुस्तक होतं 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या खेळाच्या नियमांचं. ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. पट नाही, सोंगट्या असल्या तरी चालतं, नसल्या तरी चालतं. एक जण गोष्ट चालवतो. तो सांगतो, तुम्ही एका पडक्या किल्ल्याच्या दारात उभे आहात, आतून कसलासा आवाज येतोय, काय करता? बाकीचे आपापल्या पात्राच्या वतीनं उत्तर देतात. जमेल की नाही याची शंका असेल तिथं फासा टाकायचा. सगळा व्यवहार बोलण्याचा. प्रत्येकापुढे एक कागद असतो, आणि त्या कागदावर एक रकाना असतो: 'क्लास'. हे पात्र कोण आहे? लढवय्या, जादूगार, पाद्री, चोर, कवी? मी त्याला 'वर्ग' म्हणतो. यापेक्षा जवळचा एक मराठी शब्द आहे, पण तो जन्माला चिकटतो, आणि इथं निदान कागदावर तरी माणूस आपला धंदा स्वतः निवडतो. 'निदान कागदावर' का म्हणालो, ते पुढे येईलच.

मला कुतूहल होतं ते या रकान्याचं. तिथं काय लिहायचं हे कुणी ठरवलं? आणि कवी तिथं कसा पोचला?

सुरुवात युद्धाच्या खेळांपासून झाली. अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागात, विस्कॉन्सिन आणि मिनेसोटा राज्यांत, हौशी मंडळी टेबलावर शिशाचे सैनिक मांडून जुन्या लढाया खेळत. एक खेळाडू म्हणजे एक अख्खी फौज. साठच्या दशकाच्या अखेरीस डेव्हिड वेसली नावाच्या माणसानं नेपोलियनच्या काळातलं एक काल्पनिक जर्मन गाव मांडलं आणि प्रत्येकाला फौजेऐवजी एकेक माणूस दिला. कुणी महापौर, कुणी बँकवाला. त्या मंडळीतच इतिहासाचा एक विद्यार्थी होता, डेव्ह आर्नेसन. त्यानं हीच कल्पना राक्षसांच्या आणि तळघरांच्या दुनियेत नेली. तिकडे लेक जिनिव्हा या छोट्या गावात गॅरी गायगॅक्स राहत होता. विमा कंपनीतली नोकरी गेल्यावर तो घरी जोडे दुरुस्त करून संसार चालवत असे, आणि उरलेल्या वेळात नियम लिहीत असे. दोघांची गाठ पडली. जानेवारी १९७४ मध्ये एक हजार डबे बाजारात आले. एका डब्यात तीन छोट्या पुस्तिका, किंमत दहा डॉलर. बांधणी घरगुती. वर्षभराच्या आत सगळे डबे संपले.

त्या पुस्तिकांत वर्ग होते फक्त तीन: लढवय्या, जादूगार आणि पाद्री.

पहिले दोघे समजण्यासारखे आहेत; जगातल्या कुठल्याही परीकथेत ते असतातच. पण हा तिसरा, पाद्री, कुठून आला? त्याची हकिकत मजेची आहे. आर्नेसनच्या खेळात एका खेळाडूनं व्हॅम्पायरचं, म्हणजे रक्त पिणाऱ्या भुताचं पात्र घेतलं होतं. ते इतकं बलवान झालं की कुणाला आवरेना. तेव्हा त्याच्यावर उतारा म्हणून एक बिशप तयार केला गेला. माइक कार नावाचा खेळाडू तो खेळे. हातात क्रूस धरून भुतांना पळवायचं, हे त्याचं काम. त्या काळच्या इंग्रजी भुताटकीच्या सिनेमांतून हा माणूस सरळ उचललेला होता. एका टेबलावरची एक अडचण सोडवायला केलेली ती तोड. पण ती छापली गेली, आणि मग जगभर 'पाद्री' हा माणसाचा एक मूळ प्रकार ठरून गेला.

या पाद्र्यावर एक बंधनही घातलं होतं: धारदार शस्त्र वापरायचं नाही, फक्त गदा किंवा सोटा. धर्मगुरूनं रक्त सांडू नये अशी एक समजूत मध्ययुगाविषयी रूढ आहे. तिला पुरावा म्हणून फ्रान्समधल्या बायो गावातल्या प्रसिद्ध भरतकामाकडे बोट दाखवतात. १०६६ च्या लढाईच्या त्या चित्रात बिशप ओडो घोड्यावर बसून सोटा उगारताना दिसतो. तो सोटा बहुधा अधिकाराची खूण होती, असं अनेक अभ्यासक म्हणतात. पण खेळाला अभ्यासकांची गरज नव्हती, बंधनाची होती. भुतंही पळवतो, जखमाही भरतो आणि तलवारही चालवतो, असा माणूस केला तर लढवय्या कोण होणार?

हाच या कलेचा गाभा आहे, असं मला वाटतं. वर्ग लिहिणं म्हणजे एका माणसाला काय येतं याची यादी करणं, आणि काय येत नाही याचीही. दुसरी यादी पहिलीपेक्षा महत्त्वाची. जादूगाराला चिलखत नाही, हातात खंजिरापलीकडे शस्त्र नाही. पहिल्या पायरीवर त्याला दिवसाकाठी एकच मंत्र मिळतो, आणि तो म्हटला की डोक्यातून पुसला जातो. ही पुसून जाणाऱ्या मंत्राची कल्पना जॅक व्हान्स या लेखकाच्या कथांतून घेतलेली. पायऱ्या चढण्याचा भावही वेगवेगळा. दुसऱ्या पायरीवर जायला लढवय्याला दोन हजार गुण लागत, जादूगाराला अडीच हजार, पाद्र्याला दीड हजारच. जादूगार तरुणपणी एका फटक्यात मरणारा आणि म्हातारपणी सगळ्यांना भारी. लढवय्याचं नेमकं उलट. कुणालाच सगळं मिळू नये, आणि कुणाचीच संध्याकाळ फुकट जाऊ नये, एवढं साधायचं.

पाद्र्याच्या मंत्रांची यादी वाचताना मी एका ठिकाणी थबकलो. काठीचा साप करणे. घरात लहानपणी ऐकलेल्या हजरत मुसांच्या काठीची गोष्ट आठवली. बायबलमध्येही तीच आहे. टोळधाडीसारखी कीटकांची धाडही त्या यादीत आहे. आणि पाद्र्याच्या पायऱ्यांना दिलेली नावं तर पाहण्यासारखी: गावचा पुजारी, मग व्हिकार, क्युरेट, बिशप, आणि बिशपच्या वरच्या पायरीवर एकदम 'लामा'! रोम ते तिबेट एका पायरीत. जोडे शिवणाऱ्या त्या माणसानं जिथून जे सापडलं ते घेतलं होतं. मला त्याचा राग येत नाही. आमच्या लावण्या-पोवाड्यांतही असंच सापडतं.

आता चोराकडे येऊ. कारण इथं वर्ग लिहिणारे बदलतात.

कॅलिफोर्नियात सँटा मोनिका इथं एरो हॉबीज नावाचं खेळण्यांचं दुकान होतं. तिथं जमणाऱ्या मंडळींना तीन वर्ग पुरेनात. कुलपं कोण उघडणार? त्यांनी आपल्यापुरता चोर तयार केला. १९७४ मध्ये दुकानाच्या गॅरी स्विट्झरनं ही कल्पना फोनवर गायगॅक्सच्या कानावर घातली. गायगॅक्सनं तिला आपल्या पद्धतीचं रूप दिलं, जूनमध्ये एका छोट्या वार्तापत्रात छापलं, आणि पुढच्या वर्षी 'ग्रेहॉक' या पुरवणी पुस्तिकेत चोर अधिकृत झाला. पहिल्या पायरीवर त्याला कुलूप उघडण्याची संधी शंभरात पंधरा.

या पंधराच्या आकड्यानं एक विचित्र गोष्ट केली. तोवर कुणीही भिंतीवर चढू शकत होतं, अंधारात दबा धरून बसू शकत होतं. गोष्ट चालवणारा म्हणेल ते खरं. आता ते 'चोराचं काम' झालं, आणि कुलपांच्या बाबतीत तर त्या बिचाऱ्यालाही पंधरा टक्केच. बाकीच्यांना किती? नियमात काहीच नाही, म्हणजे बहुतेक टेबलांवर शून्य. एखाद्या गोष्टीसाठी खास माणूस नेमला की बाकीच्यांच्या हातून ती गोष्ट जाते. खेळाचे जाणकार याबद्दल अजून वाद घालतात. मला हा वाद फार ओळखीचा वाटतो. गावात गाणारी मंडळी वेगळी नेमली की बाकीचा गाव गायचा थांबतो की काय, हा आमच्यातला जुना प्रश्न आहे.

चोरानंतर रांग लागली. कंपनीनं 'द स्ट्रॅटेजिक रिव्ह्यू' नावाचं पातळ नियतकालिक सुरू केलं होतं. त्यात जो फिशरचा रानात वावरणारा रेंजर आला, पीटर अॅरॉन्सनचा नजरबंदी करणारा आला. डेनिस सुस्टेअरचा द्रुइड १९७६ च्या पुरवणी पुस्तिकेत आला. त्याच्या नावावरून द्रुइडांच्या एका मंत्राला 'सुस्टारचा रथ' हे नाव पडलं आणि ते पुस्तकात राहिलं. हे सगळे वाचक होते, खेळणारे होते. आपल्या टेबलावर काहीतरी कमी पडतंय असं वाटलं, लिहून काढलं, पाकिटात घातलं, पाठवलं. वाचकांच्या पत्रव्यवहारातून पंचांग तयार व्हावं, तसा हा प्रकार.

आणि फेब्रुवारी १९७६ च्या अंकात डग श्वेगमननं लिहिलेला कवी आला.

त्यानं कुठलाही एक कवी घेतला नाही. नॉर्वेकडचा स्काल्ड, आयर्लंड-वेल्सकडचा बार्ड आणि दक्षिण युरोपातला गाणारा भाट, तिघांना एकत्र कालवलं. या कवीला थोडी तलवार येते, थोडी चोरी येते, थोडी जादू येते. पण त्याची खरी पुंजी दोनच. एक, गाऊन समोरच्याला भारून टाकणं. दुसरी मला जास्त आवडली: जुनी माहिती. एखादी विचित्र तलवार सापडली तर बाकीचे तिच्याकडे बघत बसतात, आणि बार्डला आठवतं की ही अमक्याची, तमक्या लढाईत हरवलेली. कवी म्हणजे चालताबोलता बखरकार. युद्धखेळाच्या हौशी माणसाला कवीचं हे काम दिसलं, याचं मला अप्रूप वाटतं.

दोनच वर्षांनी गायगॅक्सनं मोठं पुस्तक काढलं. त्यात तो कवी परिशिष्टात गेला आणि सुरुवातीला सांगितलेल्या अटी त्याच्या गळ्यात पडल्या. पण त्याच परिशिष्टात एक चांगली गोष्टही घडली. बार्डच्या पायऱ्यांबरोबर त्याला सात विद्यालयं दिली गेली, आणि त्यांची नावं जुन्या आयर्लंडमधली होती. तिथं 'फिली' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या विद्वान कवींच्या सात श्रेणी होत्या. सगळ्यांत खाली फोख्लोक, सगळ्यांत वर ओलाव. ओलावला साडेतीनशे कथा पाठ असाव्यात असा संकेत. गंमत अशी की त्या समाजात 'बार्ड' हा फिलीपेक्षा खालचा मानला जाई. खेळानं खालच्याला वरच्याच्या पदव्या देऊन टाकल्या. इतिहासाच्या दृष्टीनं चूक. कवीच्या दृष्टीनं मी गप्प बसतो.

आता 'निदान कागदावर' या शब्दांकडे परत यायला हवं. या खेळात वर्गाबरोबर आणखी एक रकाना असे, 'वंश': माणूस, एल्फ, बुटका ड्वार्फ, हॉबिट. १९७४ च्या नियमांत ड्वार्फला फक्त लढवय्या होता येई, तोही सहाव्या पायरीपर्यंत. हॉबिटला चौथ्यापर्यंत. माणसाला मात्र मर्यादा नाही. पुढे पॅलाडिन हा पवित्र योद्ध्याचा वर्ग आला, तो माणसांसाठीच राखीव. १९७८ च्या पुस्तकात स्त्री-पात्रांच्या बळावर पुरुषांपेक्षा कमी मर्यादा घातली होती. त्याआधी, १९७६ मध्ये, 'द ड्रॅगन' मासिकाच्या तिसऱ्या अंकात स्त्रियांसाठी वेगळे नियम सुचवणारा लेख आला होता, आणि त्यात एक गुण होता: सौंदर्य. लढवय्याचं मूळ इंग्रजी नाव तर 'फायटिंग-मॅन' असंच होतं. १९७८ मध्ये ते 'फायटर' झालं, पण बळाची मर्यादा १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीपर्यंत टिकली.

आठवणीत ठेवण्यासारखी गोष्ट ही की ही माणसं दुष्ट नव्हती. हौशी होती, उदार होती, एकमेकांना आपली टिपणं फुकट वाटत होती. ज्या जगात काहीही होऊ शकतं, तळघरात ड्रॅगन असू शकतो, तिथं ड्वार्फ जादूगार झाला तर जग बिघडेल असं त्यांना वाटलं. कल्पनेला कुंपण घालताना माणूस आपल्याच अंगणाचं कुंपण उचलून आणतो. २००० साली तिसरी आवृत्ती आली तेव्हा हे सगळे अडसर काढले गेले. कुठल्याही वंशाच्या कुणालाही कुठलाही वर्ग, कितीही पायऱ्या. एका पिढीला त्यासाठी सव्वीस वर्षं वाट पाहावी लागली. २०२४ च्या पुस्तकात तर 'वंश' हा शब्दच गेला. आता 'प्रजाती' म्हणतात. बरा की वाईट, यावर मतभेद आहेत. मला स्वतःला दोन्ही शब्द पोशाखी वाटतात.

ज्यांना वर्गच नको होते अशीही मंडळी होती. १९७८ मध्ये 'रूनक्वेस्ट' नावाचा खेळ निघाला. त्यात असे बंद रकानेच नाहीत. जे काम कराल त्यात हात बसतो. शहाणी पद्धत आहे. आमचे सगनभाऊ धंद्यानं शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारे, आणि फडावर नावाजलेले शाहीर. त्यांना या खेळात काही अडचण आली नसती. तरीही वर्गांचा खेळच जास्त चालला. मला वाटतं, टेबलाशी नव्यानं बसणाऱ्याला 'तू कोण?' या प्रश्नाचं एका शब्दात उत्तर हवं असतं.

शाहीर म्हटल्यावर एक शब्द सांगायचा आहे. शाहीर हा शब्द आपल्याकडे अरबी 'शाइर' वरून आला. १९९२ मध्ये याच कंपनीनं 'अल-कदीम' नावाची मालिका काढली. जेफ ग्रब हा तिचा लेखक. अरबी सुरस कथांच्या धर्तीवरची दुनिया. त्यात मूळ वर्गांना नवे पोशाख चढवलेले होते. त्यांत न्हावी होता, ज्याच्याकडे साऱ्या गावाच्या बातम्या असतात. हे कुणा बलुतेदाराला वेगळं सांगायला नको. आणि त्यात 'शाइर' होता. मी उत्सुकतेनं पान उघडलं, तर हा शाइर कविता करतच नाही! तो जादूगार आहे. त्याच्यापाशी एक छोटा जिन असतो. शाइर त्याला सांगतो, अमका मंत्र घेऊन ये. जिन अदृश्य दुनियेत जातो, शोधतो, कधी घेऊन येतो, कधी रिकाम्या हातानं येतो.

पहिल्या वाचनात मला हे हास्यास्पद वाटलं. शब्दकोश उघडायचे कष्ट घेतले नाहीत की काय? पण विचार करता करता हसू मावळलं. इस्लामच्या आधीच्या अरबस्तानात अशीच समजूत होती की प्रत्येक शाइराचा एक जिन असतो आणि तोच त्याच्या कानात ओळी सांगतो. शाइर रचायचा आणि त्याचा 'रावी' ते पाठ करून टोळीटोळीत सांगत फिरायचा. अल-कदीममध्ये रावीवरून घेतलेलं कथा सांगणाऱ्याचं पात्रही आहे, 'रावून', आणि बार्डाचं काम त्यालाच दिलेलं आहे. म्हणजे विस्कॉन्सिनमध्ये छापलेल्या पुस्तकात कवी आणि गाणारा यांची जुनी अरबी वाटणी शाबूत होती, फक्त कविता तेवढी गळली होती. आणि जिनाला पाठवून वाट बघत बसणं, तो कधी येतो, कधी येत नाही. कविता लिहिण्याचं याहून नेमकं वर्णन मी तरी नियमांच्या पुस्तकात वाचलेलं नाही.

राहिला मालकीचा प्रश्न. टेबलावर सुचलेला, पाकिटातून पाठवलेला, दुसऱ्यानं घासूनपुसून छापलेला वर्ग कुणाचा? खुद्द आर्नेसनला १९७९ मध्ये आपल्या मानधनासाठी कंपनीवर दावा लावावा लागला; १९८१ मध्ये तडजोड झाली. गायगॅक्सही १९८५ मध्ये कंपनीच्या सत्तेतून बाहेर फेकला गेला. १९९७ मध्ये कंपनी 'विझार्ड्स ऑफ द कोस्ट' नं घेतली, आणि दोन वर्षांनी तिला हॅस्ब्रो या खेळण्यांच्या बड्या उद्योगानं.

अमेरिकेच्या कायद्यात खेळाच्या नियमांवर कुणाचा हक्क नसतो. ते ज्या शब्दांत मांडलेत त्या शब्दांवर असतो. वर्ग हा अर्धा नियम आणि अर्धा शब्द. त्यामुळे भांडणाला भरपूर वाव. २००० साली विझार्ड्सनं एक धाडसी पाऊल उचललं. मोफत सॉफ्टवेअरवाल्यांकडून कल्पना घेऊन एक खुला परवाना काढला: आमचे मूळ नियम घ्या, त्यांवर तुमचे वर्ग लिहा, छापा, विका, आम्हाला काही देऊ नका. पूर आला. घरगुती प्रकाशकांनी शेकड्यांनी पुस्तकं काढली, चांगली आणि रद्दी. २००३ मध्ये नियमांची सुधारित आवृत्ती आली तेव्हा त्यांतली कितीतरी दुकानात पडून राहिली. पण त्या पुरातूनच 'पायझो' सारखी प्रकाशन संस्था उभी राहिली. तिनं पुढे आपला स्वतंत्र खेळ काढला, आणि नवे वर्ग छापण्याआधी कच्चा मसुदा वाचकांना मोफत देऊन, त्यांच्याकडून खेळवून घेऊन दुरुस्त्या करायची रीत पाडली. मला ही रीत आवडते. कवितासंग्रहाच्या बाबतीतही करून पाहायला हरकत नाही, फक्त धीर हवा.

जानेवारी २०२३ मध्ये मात्र एक मसुदा बाहेर फुटला. जुना परवाना रद्द, आणि वर्षाला साडेसात लाख डॉलरवर विक्री असेल तर वरच्या रकमेवर पंचवीस टक्क्यांपर्यंत वाटा कंपनीला. तेवीस वर्षं ज्यांनी त्या परवान्यावर पोट भरलं त्यांच्या पायाखालची जमीन हलली. संतापाची लाट उसळली, खेळाडूंनी वर्गण्या बंद केल्या. महिना संपायच्या आत कंपनीनं माघार घेतली आणि मूळ नियमांचा गाभा क्रिएटिव्ह कॉमन्स या सार्वजनिक परवान्याखाली कायमचा खुला केला. पाकीट पाठवणाऱ्यांच्या वारसांना, म्हणू या, मजकूर परत मिळाला. स्विट्झरच्या दुकानातल्या मुलांना काय मिळालं, हा हिशेब वेगळा.

माझा भाचा पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. शनिवारी रात्री त्याचे पाच जण जमतात. "मामू, तुमचा क्लास ठरलेला आहे, तुम्ही बार्ड," असं त्यानं मला पहिल्याच दिवशी ऐकवलं. आता २०१४ नंतरचा बार्ड परिशिष्टातला राहिलेला नाही. बारा वर्गांत मानानं बसतो. फार जादू येते त्याला, माझ्या मते जरा जास्तच. पण त्याचं मुख्य काम साधं आहे: तो दोन शब्द बोलतो आणि सोबत्याला एक जास्तीचा फासा देतो. सोबत्यानं तो अडचणीच्या वेळी टाकायचा. अमर शेखांचा आवाज ज्यांनी मैदानात ऐकला त्यांना हा फासा काय ते कळेल.

या मुलांना तो बार्ड परका वाटला म्हणून ती सध्या 'शाहीर' लिहीत आहेत. डफ, तुणतुणं, फेटा, सगळं आहे. विकायचा की नाही यावर त्यांच्यात दोन तट आहेत. कंपनीच्या बाजारपेठेवर ठेवला तर निम्मे पैसे लिहिणाऱ्याला, पण मग तो दुसरीकडे छापता येत नाही. खुल्या परवान्यावर काढला तर पैसे सगळे आपले, गिऱ्हाईक शोधायची जबाबदारीही आपली. मी त्यांना एकच दुरुस्ती सुचवली. त्यांचा शाहीर एकटाच गात होता. मी म्हटलं, झीलकऱ्याशिवाय पोवाडा होत नाही. मागं 'जी जी' म्हणणारा कुणीतरी हवा. त्यांनी लगेच नियम केला: टेबलावरच्या दुसऱ्या खेळाडूनं मोठ्यानं झील धरली तर फासा आठ बाजूंचा, नाहीतर चार बाजूंचा. गेल्या शनिवारी रात्री साडेबाराला झील इतक्या जोरात धरली गेली की खालच्या मजल्यावरचे काका वर आले. त्यांना बसवून घेतलं, चहा दिला. ते आता लढवय्या खेळतात.